प्रश्न तुमच्या परसबागेचे

या वेळच्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने झाला आहे : "कोणतं औषध मारू?" उत्तरांत मात्र औषधं कमीच सापडतील. या तक्रारींचं मूळ बहुतेक ठिकाणी पाण्यात, मुळांत नाहीतर परागीभवनात आहे आणि तिथे फवारा मारून काही साधत नाही. जिथे फवारणी खरोखर लागते, तिथे प्रमाण दिलं आहे.

प्रश्न : टोमॅटोला फळं भरपूर लागली, पण हिरवी असतानाच त्यांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कॅल्शियम कमी असेल म्हणून अंड्यांची टरफलं कुटून घातली. महिना होत आला, फरक नाही.

उत्तर : कॅल्शियमचा तुमचा अंदाज बरोबर आहे, पण कुंडीतल्या मातीत ते सहसा कमी नसतं. ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, अडचण ती आहे. कॅल्शियम झाडात फक्त मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर वर चढतं. बाष्प पानांतून उडतं, म्हणून पाण्याचा ओढाही पानांकडेच असतो आणि फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यातही देठापासून सगळ्यात लांब असलेलं टोक उपाशी राहतं. तिथल्या पेशी कोसळतात, डाग पडतो आणि मग त्यावर काळी बुरशी चढते. बुरशी नंतर आलेली असते, म्हणून बुरशीनाशकाने डाग थांबत नाही.

कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की हा प्रकार हमखास होतो. फळ धरल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात नाजूक. डाग आज दिसला तरी पाण्याची ओढाताण त्याआधीच्या पंधरवड्यात झालेली असते, हे लक्षात ठेवा.

डाग पडलेली फळं तोडून टाका, म्हणजे झाडाची ताकद त्यांच्यावर खर्च होणार नाही. एका टोमॅटोला निदान १५ ते २० लिटरची कुंडी हवी. त्याहून लहान कुंडीत भर उन्हाळ्यात ओल टिकवणं जवळजवळ अशक्य आहे. मातीवर ५ ते ७ सेंमी जाडीचा वाळका पालापाचोळा पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. रोज सकाळी मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहा. तिथे कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश द्या. कडक उन्हात फळांनी लगडलेल्या झाडाला संध्याकाळीही पाणी लागू शकतं.

टरफलं वाया जात नाहीत, पण ती चुनखडीच आहेत. साध्या मातीत विरघळायला फार वेळ घेतात, या हंगामाच्या फळांना उपयोगी पडणार नाहीत. पानांवर कॅल्शियम फवारण्याचाही फायदा नाही, कारण पानात गेलेलं कॅल्शियम परत फिरून फळात येत नाही. एप्सम सॉल्ट तर या तक्रारीवर मुळीच घालू नका : त्यातलं मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमच्या आड येतं. युरियासारखं नत्रही हात राखून द्या. पुष्कळदा पहिल्याच घोसाला हे डाग पडतात आणि पुढचे घोस आपोआप चांगले येतात. टरफलांची ख्याती बरीचशी त्यातूनच झाली आहे.

प्रश्न : दुधी, काकडी आणि दोडक्याच्या वेलींवर फुलंच फुलं आहेत, फळ एकही नाही. काही ठिकाणी बोटाएवढं फळ दिसतं आणि पिवळं पडून गळून जातं.

उत्तर : या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. फुलाच्या मागे बघा. नुसता बारीक देठ असेल तर ते नर. पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असेल तर मादी. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे बहुधा नर फुलंच येतात. तुमच्याकडे बोटाएवढी फळं दिसतात, म्हणजे मादी फुलं आलेली आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पराग पोचत नाही.

मधमाश्या फिरकत नसतील तर हे काम हाताने करावं लागतं, आणि त्यात वेळ साधणं महत्त्वाचं. काकडी, भोपळा, कारलं आणि घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. सूर्य वर येण्याआधी काम उरका. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उघडतात आणि दोडक्याचीही दिवस कलल्यावरच. सकाळी नऊला दुधीजवळ ब्रश घेऊन उभं राहिलात तर हाती कोमेजलेलं फूलच लागेल. नुकतं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे मुडपा किंवा काढून टाका. मधला केसराचा दांडा बोटाला लावून पाहिलात तर पिवळी भुकटी लागली पाहिजे. भुकटी नसेल तर दुसरं फूल घ्या. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर, जिथे ओलसर, फुगीर पाळ्या दिसतात, तिथे सगळीकडून हलक्या हाताने फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. तीन-चार दिवसांत फळाचा देठ जाडसर झाला आणि फळ खाली झुकलं की काम झालं म्हणायचं.

पराग न मिळालेलं फळ टोकाकडून पिवळं पडून सुकतं. फळावर टाचणीने टोचल्यासारखी खूण आणि तिथे डिंकाचा थेंब दिसला तर ते फळमाशीचं काम आहे. कापून पाहिलंत तर आत पांढऱ्या अळ्या सापडतील. तसं असेल तर फळ धरल्याबरोबर त्यावर कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी चढवून तोंड देठाला सैल बांधा. किडकी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण अळी मातीत शिरून कोषात जाते आणि तिथून नवी माशी निघते. अशी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग टाका.

दुधीच्या मुख्य वेलीवर नर फुलं जास्त आणि बाजूच्या फुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात. म्हणून वेल दीड-दोन मीटर झाली की शेंडा खुडावा.

प्रश्न : वांग्याची आणि टोमॅटोची हिरवीगार झाडं अचानक मान टाकतात. माती ओली आहे, तरी कोमेजतात. आणखी पाणी घातलं तर जास्तच बिघडतं.

उत्तर : पाणी आधी थांबवा. कोमेजणं हे एक लक्षण आहे, त्यामागची कारणं निदान पाच आहेत, आणि ती वेगळी ओळखल्याशिवाय काहीही करू नका.

भर दुपारी पानं लोंबली आणि सूर्य कलल्यावर ताठ झाली, तर काही बिघडलेलं नाही. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी त्या तासाभरात उडतं, इतकंच. सकाळी सातलाही झाड मलूल दिसलं, तर मात्र शोध घ्यायला हवा.

वांग्यात एखादाच शेंडा लोंबत असेल आणि बाकी झाड टवटवीत असेल, तर तो शेंडा चिरून बघा. आत पोकळ बोगदा आणि गुलाबीसर अळी सापडेल. शेंडा व फळं पोखरणारी अळी ती हीच. लोंबलेल्या भागाच्या दोन-तीन सेंमी खालून कापा आणि कापलेला शेंडा नष्ट करा. नुसता खाली टाकलात तर अळी तिथून निघून जाते.

सगळं झाड लोंबलं असेल आणि माती चिखलासारखी, आंबूस वासाची असेल, तर मुळं उकरून पाहा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं मूळ तपकिरी असतं, आणि चिमटीत ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरतो. इथे पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव, दोन्ही एकत्र आलेले असतात. मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी. घेवडा-वाटाण्याच्या मुळांवरच्या उपयुक्त गाठींशी यांची गल्लत करू नका. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सुट्या होतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेलं मूळच.

माती ठीक आहे, मुळं ठीक आहेत, पानं अजून हिरवी आहेत आणि तरी झाड दोन-तीन दिवसांत बसलं, तर पुढची चाचणी करा. घरच्या घरी होणारी एवढी खात्रीची चाचणी दुसरी नाही. जमिनीलगतच्या खोडाचा ५ ते ७ सेंमीचा तुकडा धारदार सुरीने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्या. तुकड्याचं खालचं टोक जेमतेम पाण्यात बुडेल असा तो चिमट्याने ग्लासच्या कडेला अडकवा आणि हलवू नका. मागे काळा कागद धरा. कापापासून दुधाळ धागे धुरासारखे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग. बहुधा पाच मिनिटांच्या आत उत्तर मिळतं. धागे आले नाहीत, खालची पानं आधी आणि अनेकदा एकाच बाजूने पिवळी पडली होती, खोड उभं चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या, तर तो बुरशीजन्य मर.

जिवाणूजन्य मरीवर औषध नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. झाड मुळांसकट आणि भोवतीच्या मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. सुरी आणि खुरपं ७० टक्के अल्कोहोलने पुसा. त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, बटाटा यांपैकी काहीही पुढची काही वर्षं लावू नका. कुंडी असेल तर माती पूर्ण बदला. सूत्रकृमींसाठी मात्र वाफा तापवण्याचा उपाय आहे : सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत माती भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवा आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही.

प्रश्न : मिरचीची पानं आक्रसून वळली आहेत. बोकड्या म्हणतात तो हाच का? दोनदा कीटकनाशक मारलं, उलट वाढलं.

उत्तर : बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे नाव पानाच्या अवस्थेला आहे, कारणाला नाही. कारणं मुख्यतः तीन, आणि पान कोणत्या बाजूला वळलंय यावरून बरंच कळतं.

कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. जेमतेम १ मिमी लांबीचे पिवळसर किंवा काळपट, बारीक रेघेएवढे किडे चालताना दिसतील. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल, देठ लांबट आणि पानाची मागची बाजू तेलकट, तांबूस झाली असेल तर कोळी. हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. आणि पानं बारीक, जाडसर, सुरकुतलेली, पेरं आखूड होऊन झाड झुडपासारखं गुच्छ झालं असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू.

तुमचं उलट का वाढलं? कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. बहुतेक साधी कीटकनाशकं त्याला मारत नाहीत, पण त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मारतात. तुमची पानं खाली वळलेली असतील तर नेमकं हेच झालं असणार.

फुलकिड्यांसाठी आधी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग निंबोळी तेल ५ मिली आणि द्रव साबण १ ते २ मिली, १ लिटर पाण्यात. तेल थेट पाण्यात ओतू नका, तरंगतं आणि पानं जळतात. आधी तेल आणि साबण थोड्या कोमट पाण्यात घुसळा, दूध-पांढरं झालं की उरलेलं पाणी घाला. संध्याकाळी, पानांच्या खालून, ५ ते ७ दिवसांनी असे तीन वेळा. कोळ्यासाठी आक्रसलेले शेंडे खुडून टाका आणि पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर फवारा. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, आणि तेलाची फवारणी व गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात. ही उत्पादनं घेतल्यावर वेष्टनावरचं प्रमाण आणि फवारणीनंतर तोडणीसाठी किती दिवस थांबायचं हे वाचा. तिथे वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

वळलेली जुनी पानं सरळ होत नाहीत. १० ते १२ दिवसांनी येणारी नवी पालवी कशी आहे, त्यावरून गुण पाहा. विषाणू असेल तर झाड उपटा. मन होत नाही, हे कळतं, पण एका झाडासाठी बाकीची गमावू नका. उरलेल्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.

प्रश्न : बी छान उगवतं आणि आठवड्याभरात रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात.

उत्तर : याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशी दाट पेरणी, सततची ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की कोवळ्या खोडाचा मातीलगतचा भाग कुजवतात. पडलेलं रोप उभं राहत नाही. ते आणि त्याच्या आजूबाजूची चार काढून टाका.

पुढच्या वेळी नवं मिश्रण घ्या, जुन्या कुंडीतली माती रोपांसाठी वापरू नका. ट्रे गरम साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पटच खोल पेरा. पाणी वरून न घालता ट्रे १५-२० मिनिटं उथळ पाण्यात ठेवून खालून चढू द्या आणि वरचा थर फिका पडेपर्यंत पुन्हा देऊ नका. उगवल्याबरोबर झाकण काढा आणि उजेडात न्या. लांबलचक, पांढुरक्या दांड्याची रोपं आधी पडतात, आणि तशी ती उजेडाअभावी होतात.

प्रश्न : निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा थर किती द्यावा?

उत्तर : देऊच नये. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत तेव्हाच उतरतं जेव्हा वरची माती पूर्ण भिजून चिंब होते. त्यामुळे तळाशी साचणारा ओला थर नाहीसा होत नाही, फक्त खडीच्या उंचीएवढा वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. कुंडी दोन-तीन सेंमी उचलून ठेवा, आणि मिश्रणात तिसरा हिस्सा तरी कोकोपीट, जाड वाळू किंवा पर्लाइट घाला, म्हणजे सगळी मातीच भुसभुशीत राहील.

प्रश्न : कोथिंबीर उगवायला तीन आठवडे लागले आणि वीतभर होताच तिला फुलं आली. खुडत राहिलं तर थांबेल का?

उत्तर : थांबणार नाही. दांडा वर निघाला म्हणजे झाडाने बी धरायचं ठरवलं; खुडलंत तर दुसऱ्या जागेवरून निघेल. उष्णता, लांब दिवस आणि मुळांना बसलेला धक्का ही त्याची कारणं. कोथिंबीर सोटमुळाची आहे, रोप करून हलवू नये. २० सेंमी खोल कुंडीत थेट पेरावी. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून धने लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि १ ते दीड सेंमी खोल टाका. ८ ते १२ दिवसांत उगवण दिसते. उन्हाळ्यात दुपारची सावली द्या आणि एकदाच भरपूर पेरण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी-थोडी पेरा.

प्रश्न : भोपळ्याच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी आहे. पानं भिजू देत नाही, तरी पसरते.

उत्तर : ही भुरी. बाकीच्या बहुतेक बुरश्यांना रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो, हिला तो लागत नाही, कोरड्या पानावरही ती पसरते. पानं न भिजवण्याचा सल्ला मुख्यतः करपा आणि केवडा यांच्यासाठी आहे. केवड्यात पानाच्या वर शिरांनी आखलेले पिवळे चौकोनी डाग आणि खाली राखाडी-जांभळट बुरशी दिसते. भुरीसाठी जुनी, जास्त पांढरी झालेली पानं काढा, पण एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. १ भाग दूध आणि ९ भाग पाणी असं मिश्रण सकाळी उन्हात, दर ७ ते १० दिवसांनी दोन्ही बाजूंनी फवारा. हे सुरुवातीला चांगलं काम करतं. पानं पूर्ण पांढरी झाल्यावर नाही. खाण्याचा सोडा पुन्हापुन्हा मारू नका, त्यातलं सोडियम पानं जाळतं आणि मातीत साठतं.

प्रश्न : घरच्या काकड्या कडू निघतात. दुधीही एकदा कडू निघाला. शिजवला तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि हे कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती शिजवून नष्ट होत नाहीत आणि जास्त गेली तर उलट्या, जुलाब होऊन गंभीर विषबाधा होऊ शकते. दुधी, भोपळा किंवा घोसाळं कापल्यावर तांदळाएवढा तुकडा जिभेवर ठेवून बघा आणि थुंका. कडू लागला तर सगळं फळ टाका. दुधीचा कच्चा रस तर चव न पाहता कधीच घेऊ नये.

काकडीत सौम्य कडूपणा बहुधा ताणामुळे येतो : पाण्याचा खंड, कडक ऊन, उशिरा तोडणी. तो देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. नियमित पाणी आणि कोवळी तोडणी यांनी पुढची फळं सुधारतात. एखाद्या वेलीची सगळीच फळं जहाल कडू येत असतील तर दोष बियाण्यातच आहे, रानटी किंवा शोभेच्या जातीशी झालेल्या संकराचा. ती वेल काढून टाका आणि तिच्या फळातलं बी पुढच्या हंगामासाठी धरू नका.